इनबॉक्स रिकामा दिसतोय? आधी हात थांबवा, मग शोधा

मुठाकाठ

इनबॉक्स रिकामा दिसला की पहिल्या अर्ध्या तासात घाबरून जे केलं जातं, त्यानेच बऱ्याचदा मेल कायमच्या जातात. कोणी प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकतं, कोणी खातं डिलीट करून नव्याने जोडतं, तर कोणी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेतं. म्हणून हा धागा. थंडरबर्ड (कॉम्प्युटरवर मेल वाचायचा मोफत प्रोग्रॅम) आणि जीमेलचं मी लिहितो, आउटलुक (मायक्रोसॉफ्टचा तसाच प्रोग्रॅम) आणि डिस्कच्या बाबतीत जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात एकाच प्रश्नाने करायची: ती मेल मुळात राहते कुठे, सर्व्हरवर की तुमच्या डिस्कवर?

खात्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा प्रकार लिहिलेला असतो. 'आयमॅप' असेल तर खरी मेल सर्व्हरवर आणि कॉम्प्युटरवर तिची प्रत. एकीकडे पुसली की सगळीकडून जाते. 'पॉप' असेल तर उलटं. मेल उतरवून घेतली जाते, खरी प्रत तुमच्या डिस्कवर राहते आणि सर्व्हरवरची ठरावीक दिवसांनी काढून टाकली जाते. आउटलुक आणि थंडरबर्डमध्ये ही मुदत बहुधा १४ दिवसांची दिसेल. 'परवापर्यंत फोनवर दिसत होती, आता नाही' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं. फोन सर्व्हरकडे बघतोय आणि घरच्या कॉम्प्युटरने मेल कधीच उतरवून घेतलीय. ती टेबलाखालच्या सीपीयूत सुखरूप आहे.

म्हणून आधी त्या कॉम्प्युटरचं नेट बंद करा, म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हरशी जुळवून घेण्याच्या नादात उरलेल्या मेल पुसणार नाही. मग फोनच्या ब्राउझरमधून मेलच्या वेबसाइटवर लॉगिन करून बघा.

जीमेलमध्ये 'ऑल मेल', 'स्पॅम' आणि 'ट्रॅश' ही तीन ठिकाणं बघायची. चुकून 'अर्काइव्ह'वर बोट पडलेली मेल इनबॉक्समधून जाते, पण 'ऑल मेल'मध्ये राहते. स्पॅम आणि ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामं होतं. साधा शोध या दोन्ही ठिकाणी जात नाही. शोधपेटीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबून 'मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश' निवडावं लागतं. तरीही सापडली नाही तर सेटिंगमधले फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा. अनोळखी पत्त्यावर फॉरवर्डिंग लावलेलं दिसलं तर खातं दुसऱ्याच्या हातात गेलंय असं धरा. आधी पासवर्ड बदला आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खात्री मागणारी सोय) लावा, मेल नंतर शोधा.

आणखी एक. गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. ती भरली की नवीन मेल येतच नाहीत, पाठवणाऱ्याकडे परत जातात. अशी मेल 'हरवलेली' नसते. जागा मोकळी करून पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगणं एवढंच करता येतं.

पर्वतीपायथा

आउटलुकचं मी लिहितो.

पॉप खात्याची मेल 'पीएसटी' फाइलमध्ये असते, सहसा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमध्ये. आयमॅप, आउटलुक डॉट कॉम किंवा एक्स्चेंज (ऑफिसांत वापरला जाणारा मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) खात्याची असते 'ओएसटी'मध्ये, आणि ही फाइल लपवलेल्या 'ॲपडेटा > लोकल > मायक्रोसॉफ्ट > आउटलुक' या जागी सापडते. फरक लक्षात ठेवा: पीएसटी दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडता येते, ओएसटी तशी उघडत नाही. ती ज्या खात्याबरोबर तयार झाली त्याच्याशीच बांधलेली असते. म्हणून 'खातं काढून पुन्हा जोडा' हा सल्ला ओएसटीच्या बाबतीत घातक. सर्व्हरवर मेल नसेल आणि तुम्ही खातं काढलंत, तर शेवटची प्रत हातची गेली.

मेल खरंच गेलीय का, हे आधी बघा. वर 'फोकस्ड' आणि 'अदर' असे दोन टॅब असतील तर 'अदर' उघडा. 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'रिसेट व्ह्यू' करा, कारण चुकून लागलेल्या फिल्टरमुळे अख्खं फोल्डर रिकामं दिसू शकतं. जुन्याच मेल गायब असतील तर 'ऑटोअर्काइव्ह'ने त्या 'अर्काइव्ह' नावाच्या वेगळ्या पीएसटीत हलवल्यात का ते तपासा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात 'मेल टू कीप ऑफलाइन' ही पट्टी सहसा १२ महिन्यांवर असते. त्याआधीच्या मेल सर्व्हरवर असतात, फक्त कॉम्प्युटरवर उतरलेल्या नसतात.

'डिलीटेड आयटम्स'मधूनही पुसली असेल तर आउटलुक डॉट कॉमच्या वेबसाइटवर त्या फोल्डरच्या वरच्या बाजूला 'रिकव्हर आयटम्स डिलीटेड फ्रॉम धिस फोल्डर' असा दुवा दिसतो. घरगुती खात्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. पॉप खात्याच्या पीएसटीला ही सोय नाही.

पीएसटी उघडताना 'फाइल खराब आहे' असं आलं तर बाहेरचं काही विकत घेण्याआधी आउटलुकबरोबर येणारं 'स्कॅनपीएसटी' वापरा. ते 'प्रोग्रॅम फाइल्स > मायक्रोसॉफ्ट ऑफिस > रूट > ऑफिस१६'मध्ये असतं. क्रम असा:

१. आउटलुक पूर्ण बंद करा.
२. पीएसटीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. पुढचं सगळं त्या प्रतीवर.
३. स्कॅनपीएसटीत ती प्रत निवडून 'स्टार्ट'. चुका दाखवल्या की 'रिपेअर', आणि बॅकअपची खूण राहू द्या.
४. 'चूक सापडली नाही' येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवा. एका फेरीत काम क्वचित होतं, मोठ्या फाइलला चार-पाच फेऱ्या सहज लागतात.
५. दुरुस्त फाइल आउटलुकमध्ये उघडा आणि 'लॉस्ट अँड फाउंड' फोल्डर बघा. आपलं मूळ फोल्डर हरवून बसलेल्या मेल तिथे येऊन पडतात.
६. नवी कोरी पीएसटी तयार करून सगळ्या मेल तिच्यात ओढून घ्या. दुरुस्त केलेली फाइल रोजच्या वापराला ठेवू नका.

आउटलुक ९७ ते २००२ मधली पीएसटी असेल तर तिची मर्यादा २ जीबी. तिथे पोचली की फाइल बिघडते. २०१० पासून नेहमीची मर्यादा ५० जीबी आहे.

आणि पीएसटी वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. हल्ली डॉक्युमेंट्सचं फोल्डर वनड्राइव्ह आपोआप आपल्याकडे घेतं आणि आउटलुक फाइल्स त्यातच असतं. आउटलुक ती फाइल सतत उघडी ठेवतं, वनड्राइव्ह ती वर चढवू बघतं, आणि दोघांच्या ओढाताणीत फाइल बिघडते. हीच जागा कधी कामीही येते: पीएसटी पुसली गेली असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये घरगुती खात्याला ती ३० दिवस मिळते.

तिसरामजला

थंडरबर्ड नव्याने टाकलं आणि ते पहिल्यांदाच उघडल्यासारखं खातं विचारतंय. जुन्या मेल गेल्या का? विंडोज तेच आहे, फॉरमॅट केलेलं नाही.

मुठाकाठ

@तिसरामजला, गेलेल्या नाहीत. थंडरबर्ड काढलं तरी मेलचं फोल्डर, म्हणजे 'प्रोफाइल', जागेवर राहतं. नवीन आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसली (३२ बिटवरून ६४ बिटवर गेलात की असं होतं) तर ती स्वतःसाठी नवी प्रोफाइल करते आणि जुनी बाजूला पडते. नवीन खातं जोडू नका. 'हेल्प > ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये 'अबाउट:प्रोफाइल्स' हा दुवा आहे. तिथे दोन प्रोफाइल दिसतील. प्रत्येकीच्या फोल्डरचा आकार बघा, मोठं ते तुमचं जुनं. त्यालाच 'सेट ॲज डीफॉल्ट' करून थंडरबर्ड पुन्हा सुरू करा.

कोणी विंडोज 'रिसेट' केलं असेल, 'कीप माय फाइल्स' निवडून, तरी थंडरबर्डचं फोल्डर जागेवर मिळणार नाही. सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' बघा, त्यात 'यूजर्स > तुमचं नाव > ॲपडेटा > रोमिंग > थंडरबर्ड'. हे फोल्डर साधारण १० दिवसांनी विंडोज स्वतःच काढून टाकतं, तेव्हा त्याच दिवशी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या.

ओंकारेश्वरघाट

मुठाकाठ, ट्रॅशमधूनही पुसलेली मेल थंडरबर्डात फाइल उघडून परत आणता येते, ते सविस्तर लिहाल का? त्याची माहिती मराठीत कुठे दिसत नाही.

मुठाकाठ

लिहितो. घाई न करता वाचा.

थंडरबर्ड एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच लांबलचक मजकूर-फाइलमध्ये ठेवतं. या पद्धतीला 'एमबॉक्स' म्हणतात. प्रोफाइलमधल्या 'मेल' फोल्डरमध्ये पॉप खाती आणि 'लोकल फोल्डर्स', तर 'आयमॅपमेल'मध्ये आयमॅपच्या प्रती. आत 'इनबॉक्स' नावाची फाइल दिसेल, तिला पुढे कुठलंही शेपूट नसतं. शेजारी 'इनबॉक्स डॉट एमएसएफ' असते, ती फक्त अनुक्रमणिका. मेल मोठ्या फाइलमध्ये आहेत.

दोन वेगळे बिघाड इथे लोक एकत्र धरतात. इनबॉक्स फाइल मोठी (समजा ८०० एमबी) आणि पडद्यावर फोल्डर रिकामं, तर बिघडलीय ती अनुक्रमणिका. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिपेअर फोल्डर'. नाहीच जमलं तर थंडरबर्ड बंद करून फक्त एमएसएफ फाइल हलवा. पुढच्या वेळी ती नव्याने तयार होते.

दुसरा बिघाड म्हणजे मेल खरंच पुसलेली आहे. पण थंडरबर्ड पुसताना मजकूर काढत नाही, मेलच्या डोक्यावर फक्त खूण करतं. मजकूर खरा निघतो 'कॉम्पॅक्ट' करताना, आणि वाया गेलेली जागा ठरावीक मर्यादेपुढे गेली, सहसा २०० एमबी, की हे कॉम्पॅक्ट आपोआप होतं. त्याआधी पोचलात तर मेल जशीच्या तशी हाती लागते.

थंडरबर्ड बंद करा. इनबॉक्स (आणि ट्रॅश) फाइलची प्रत डेस्कटॉपवर नको, पेन ड्राइव्हवर घ्या. ती नोटपॅड++ मध्ये उघडा. साधं नोटपॅड मोठ्या फाइलला अडकून बसतं. प्रत्येक मेल 'फ्रॉम' शब्द आणि आडव्या रेघेने सुरू होते, आणि पुढच्या दोन-तीन ओळींत 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी ओळ असते, चार आकड्यांची. वाचलेली मेल म्हणजे ०००१. पुसल्याची खूण म्हणजे ८, ती त्यात मिळवली जाते. म्हणून वाचून पुसलेल्या मेलवर ०००९ दिसेल, न वाचता पुसलेलीवर ०००८. तुमच्या मेलचा ०००९ खोडून ०००१ करा. आकडे चारच राहिले पाहिजेत. खालची 'स्टेटस२' ही आठ आकड्यांची ओळ आहे, तिला हात लावू नका. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) बदलू नका.

मग ही फाइल 'जुनाइनबॉक्स' अशा नव्या नावाने, शेपूट न लावता, 'मेल > लोकल फोल्डर्स'मध्ये ठेवा. थंडरबर्ड सुरू केलंत की डावीकडे त्या नावाचं फोल्डर दिसेल. खात्याच्या मूळ फोल्डरमध्ये परत टाकू नका, विशेषतः आयमॅप असेल तर. सर्व्हरशी जुळवणी झाली की ते पुन्हा पुसलं जाईल.

सगळे ०००९ एका झटक्यात बदलायचा मोह टाळा. मेल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली तरी जुन्या जागी हीच खूण राहते, त्यामुळे वर्षभरात हलवलेलं सगळं दुबार उगवेल.

खिडकीतलंऊन

एक भर. नोटपॅड++ मध्ये मराठी विषय शोधून सापडत नाही, आणि लोक समजतात की मेल नाहीच. मराठी विषय फाइलमध्ये देवनागरीत लिहिलेला नसतो. 'बरोबर, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८' अशी सुरुवात आणि पुढे इंग्रजी अक्षरांची अर्थहीन वाटणारी लांब माळ, असा तो सांकेतिक रूपात असतो. मजकुराचंही पुष्कळदा तसंच. तेव्हा पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता शोधा आणि तारखेवरून मेल ओळखा. या दोन गोष्टी साध्या अक्षरांत असतात.

पर्वतीपायथा

उत्तम मुद्दा. आणि हे लक्षात घ्या की खुणेची ही युक्ती एसएसडीवरही (फिरती चकती नसलेल्या डिस्कवरही) चालते, कारण अख्खी फाइल पुसलेली नाही, तिच्या आतला एक तुकडा फक्त झाकलाय. पूर्ण फाइल पुसली गेली की मात्र गणित बदलतं. त्याबद्दल डिस्कवाल्यांनी लिहावं.

जुनीडिस्क

लिहितो.

फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल, तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असते. एसएसडीला विंडोज 'ट्रिम' नावाचा आदेश देतं: ही जागा आता मोकळी. डिस्क ती जागा आतून साफ करते आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर तिथून शून्यांशिवाय काही आणत नाही. म्हणून एसएसडीवरून पुसलेली पीएसटी परत देतो अशी खात्री कोणी देत असेल तर आगाऊ पैसे देऊ नका.

हार्ड डिस्क असेल तर कॉम्प्युटर तत्काळ बंद करा, कारण विंडोज नुसतं चालू असलं तरी सी ड्राइव्हवर सारखं लिहीत राहतं. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला साधा यूएसबी-साटा अडॅप्टर (साटा म्हणजे डिस्कच्या जोडणीचा प्रकार) पुरतो. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेला अडॅप्टर लागतो. नुसत्या यूएसबीवर ती फिरतच नाही आणि डिस्क मेली असा गैरसमज होतो. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत दोन्ही मिळतात, मात्र घेताना 'साडेतीन इंचीसाठी, पॉवर अडॅप्टरसकट' असं सांगून घ्या. एम-डॉट-टू पट्टी (छोट्या पट्टीसारखी एसएसडी) असेल तर तिची जोडणी साटा आहे की एनव्हीएमई हे तिच्या लेबलवर वाचून मगच केसिंग घ्या.

जोडल्यावर विंडोज 'फॉरमॅट करायचं का' किंवा 'स्कॅन अँड फिक्स' असं विचारेल. दोन्हींना नाही म्हणा. ही दुरुस्ती डिस्कवर लिहिते.

निळी 'बिटलॉकर' (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) खिडकी आली तर ४८ आकडी रिकव्हरी की लागेल. नव्या लॅपटॉपमध्ये एन्क्रिप्शन न विचारता चालू झालेलं असतं आणि की बहुधा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं होतं त्याच्या पानावर असते. ती मिळेपर्यंत पुढचं सगळं व्यर्थ.

शोधायला मायक्रोसॉफ्टचं मोफत 'विंडोज फाइल रिकव्हरी' चांगलं आहे. कमांड इंग्रजी अक्षरांत द्यायची: विनएफआर, जिथून शोधायचं तो ड्राइव्ह, जिथे ठेवायचं तो वेगळा ड्राइव्ह, तिरकी रेघ रेग्युलर, तिरकी रेघ एन आणि पुढे नमुना. पीएसटीसाठी नमुना म्हणजे तारका, टिंब, पीएसटी. थंडरबर्डच्या फाइलला शेपूट नसल्यामुळे तिथे तारका-टिंब चालत नाही, थंडरबर्डच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग द्यायचा आणि शेवटी उलटी तिरकी रेघ. फाइल पुसून बरेच दिवस झाले असतील किंवा डिस्क फॉरमॅट झाली असेल तर 'रेग्युलर'ऐवजी 'एक्स्टेन्सिव्ह'. एक टीबीच्या डिस्कला रात्रभर लागू शकतं. फोटोरेकही मोफत आहे आणि पीएसटी ओळखतं, पण ते फाइलींची मूळ नावं परत देत नाही. आकारावरून ओळखावं लागतं.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर यातलं काहीही करू नका. वीज काढा. प्रत्येक वेळी चालू केल्याने आतली चकती आणखी खरवडते. अशी डिस्क उघडायला धूळविरहित खोली लागते. 'इथेच खोलून बघतो' म्हणणाऱ्या दुकानात ती देऊ नका.

तिसरामजला

@मुठाकाठ, जुनी प्रोफाइल मिळाली, आकार ६ जीबी. पण इनबॉक्स फाइल १ एमबीची आहे आणि शेजारी 'एनएसटीएमपी' नावाची १.८ जीबीची फाइल आहे. कॉम्पॅक्ट चालू असताना लाईट गेली होती.

मुठाकाठ

@तिसरामजला, मेल त्या एनएसटीएमपीत असणार. कॉम्पॅक्ट करताना थंडरबर्ड ठेवायच्या मेल आधी या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितं आणि शेवटी तिला इनबॉक्सचं नाव देतं. मध्येच वीज गेली की नाव बदलायचं राहून जातं. तिची प्रत घ्या, नाव बदलून लोकल फोल्डर्समध्ये ठेवा, वर सांगितल्याप्रमाणे. शेवटची एखादी मेल अर्धवट असेल. मूळ एनएसटीएमपीला हात लावू नका आणि मेल नीट दिसेपर्यंत थंडरबर्डला पुन्हा कॉम्पॅक्ट करू देऊ नका.

पुण्यात उन्हाळ्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे धरून आपोआप कॉम्पॅक्टची खूण सेटिंगमधून काढून टाकलेली बरी. यूपीएस जोडून महिन्यातून एकदा हाताने करा.

अँटीव्हायरसही अशीच अख्खी इनबॉक्स उचलतो. एका जोडपत्रात व्हायरस सापडला की त्याच्या लेखी सबंध फाइलच दूषित, मग ती क्वारंटाइनमध्ये. तिथून 'रिस्टोअर' करा, ती एक मेल पुसा आणि प्रोफाइलचं फोल्डर स्कॅनमधून वगळा.

खिडकीतलंऊन

आणखी एक प्रकार आपल्याकडेच भेटतो. २००० च्या आसपासच्या मराठी मेल परत मिळतात, पण उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं. रिकव्हरी फसली असं समजून त्या फेकू नका. त्या काळी युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) रुळलेलं नव्हतं. शिवाजी, डीव्हीबी-टीटी, श्रीलिपी असे फॉन्ट वापरून लिहायचे. श्रीलिपी आपल्या पुण्याच्याच मॉड्युलरचं आणि आयएसएम हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर सी-डॅक या सरकारी संस्थेचं. या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्याच जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं, त्यामुळे फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. मेलच्या एचटीएमएल स्रोतात 'फॉन्ट फेस' या शब्दांपुढे फॉन्टचं नाव मिळतं. तो फॉन्ट टाकला की वाचता येतं, आणि त्याच फॉन्टचं युनिकोड रूपांतरक वापरून मजकूर कायमचा देवनागरीत आणता येतो. रूपांतरक दुसऱ्या फॉन्टचं घेतलं तर जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी यांची वाट लागते.

देवनागरीऐवजी 'à' आणि त्यावर चिन्हांची रांग दिसत असेल तर मजकूर युनिकोडच आहे, एन्कोडिंग चुकलंय. थंडरबर्डात 'व्ह्यू > रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग'.

तिसरामजला

एनएसटीएमपीचं नाव बदलून ठेवली. मेल दिसल्या, अगदी शेवटची एक अर्धी आहे. आता पेन ड्राइव्हवर प्रत उतरवतोय, पण 'फाइल खूप मोठी' म्हणतंय. जागा तर १४ जीबी मोकळी आहे.

जुनीडिस्क

पेन ड्राइव्ह फॅट३२ (फाइल साठवायची जुनी मांडणी) मध्ये असेल. त्यावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. तुमची १.८ जीबीची बसायला हवी, तेव्हा प्रोफाइलमधली दुसरी कुठली फाइल अडतेय ते बघा. ट्रॅश किंवा 'ग्लोबल-मेसेजेस-डीबी' असू शकते. ही दुसरी फक्त शोधाची अनुक्रमणिका आहे, ती नाही घेतली तरी चालते. ट्रॅश अडत असेल तर पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा आणि पुन्हा उतरवा. काढताना 'इजेक्ट' करून, दिवा थांबल्यावरच काढा.